सोडलेली दारू सुटलेली राहावी म्हणून

बुलढाणा तालुक्यातील देऊळघाट हे पैनगंगेच्या खोऱ्यातील एक मोठे, नांदते गाव. जिल्ह्याचे ठिकाण जवळ असल्याने नोकरदार, विद्यार्थी व बाजारहाट करणारी माणसे नित्य बुलढाण्याला जातात आणि दिवस मावळता परततात. अशा गावात दारू पिणारा माणूस लपून राहत नाही, आणि ती सोडू पाहणाराही लपून राहत नाही. कोणी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झालेल्या भांडणानंतर सोडतो, कोणी मुलीचे लग्न ठरले म्हणून सोडतो, तर कोणी डॉक्टरांनी यकृताचे भय घातले म्हणून सोडतो. सोडण्याचे दिवस वर्षात अनेक येतात. परंतु त्यानंतर चाळिसाव्या दिवशी, सोयाबीनचे पैसे हाती आलेले असताना आणि जुने सोबती नाक्यावर उभे असताना, त्या माणसाच्या शेजारी कोण असते? दारूच्या प्रश्नावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले व बोलले गेले. मात्र या एका प्रश्नाकडे जितके लक्ष जावयास हवे होते तितके गेलेले नाही.

प्रश्नाचा आवाका लहान नाही. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. १० ते ७५ या वयोगटातील सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात आणि त्यांपैकी जवळजवळ २ कोटी ९० लाख लोक तिच्या पूर्ण आहारी गेलेले आहेत, असे त्यात नमूद आहे. त्याच अहवालातील दुसरा आकडा अधिक विचार करावयास लावणारा आहे. दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ माणसांमागे केवळ एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे उपचार वा साहाय्य मिळाले होते. उरलेले ३७ आपापल्या घरी, आपापल्या परीने सोडतात आणि पुन्हा पितात.

शपथ आणि संगत

दारू सोडवण्याचे प्रयत्न वऱ्हाडाला नवे नाहीत. अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगे महाराजांनी गावोगावच्या कीर्तनांतून दारूवर कोरडे ओढले. तुकडोजी महाराजांनी ग्रामसुधारणेच्या कार्यक्रमात व्यसनमुक्तीला स्थान दिले. वारकरी संप्रदायात तुळशीची माळ घालणारा माणूस मद्य वर्ज्य करतो, आणि कित्येक घरे या एका माळेने सावरली आहेत. इस्लामने तर मद्य निषिद्धच मानले आहे. बुलढाणा तालुक्यातील सैलानी बाबांच्या दर्ग्यावर मानसिक व्याधींनी त्रासलेल्या माणसांना घेऊन दूरदूरचे लोक येतात. धर्म कोणताही असो, संकटातून सुटण्यासाठी माणूस एखाद्या मोठ्या शक्तीचा आधार शोधतो, याचीच ही उदाहरणे होत.

यांपैकी ज्या उपायांना दीर्घकाळ यश आले, त्यांत एक गोष्ट समान दिसते. माळकऱ्याची माळ एकटी नसते. तिच्यामागे एकादशी असते, भजनाचा फड असतो, आषाढीची दिंडी असते. ज्या संध्याकाळी पूर्वी गुत्त्याची वाट धरली जाई, त्या संध्याकाळी हातात टाळ असतो आणि बाजूला न पिणारी वीस माणसे बसलेली असतात. शपथेला अशी संगत मिळाली की ती टिकते. जी शपथ बायकोने घातली, सरपंचांसमोर घेतली आणि जिच्यानंतर माणूस पुन्हा त्याच ओट्यावर एकटा बसला, ती क्वचितच टिकते.

मात्र माळेची एक अडचण आहे. ती सर्वांना दिसते. माळ घातलेल्या माणसाने पुन्हा प्याला हाती धरला तर त्याची लाज दुप्पट होते, आणि माळ काढून ठेवल्यावर परत फडावर जाण्याचे धैर्य त्याला होत नाही. दारूचे व्यसन हा वारंवार उलटणारा विकार असल्याने, घसरलेल्या माणसालाही परतीची वाट मोकळी ठेवील अशी एखादी व्यवस्था आवश्यक ठरते. तशी व्यवस्था गेली नव्वद वर्षे जगात अस्तित्वात आहे आणि महाराष्ट्रालाही ती अपरिचित नाही.

एका दूरध्वनीची कथा

१९३५ च्या मे महिन्यात न्यू यॉर्कचा एक शेअरदलाल, बिल विल्सन, अमेरिकेतील ॲक्रन या गावी धंद्याच्या कामासाठी आला होता. काम फसले होते. दारूपायी सर्वस्व गमावून त्याने जेमतेम पाच महिन्यांपूर्वी ती सोडली होती. हॉटेलच्या दालनात तो एकटा उभा होता आणि एका बाजूने मद्यगृहातील गजबज कानी येत होती. त्या क्षणी त्याला जाणवले की आपल्याला गरज आहे ती दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोलण्याची. त्याने गावातील चर्चना दूरध्वनी लावले आणि अखेर त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी पडली. डॉक्टर स्वतः दारूने पोखरले गेले होते. अनेकांनी केलेला उपदेश त्यांनी ऐकून सोडून दिला होता. या परक्या माणसाने उपदेश केला नाही. त्याने केवळ स्वतःची हकीकत सांगितली. डॉ. स्मिथ यांनी १० जून १९३५ रोजी अखेरचा प्याला घेतला, आणि तोच दिवस ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ म्हणजे ए. ए. या संघटनेचा जन्मदिवस मानला जातो.

बिल विल्सनने तो दूरध्वनी परोपकारबुद्धीने केलेला नव्हता. त्याला स्वतःला वाचायचे होते. दुसऱ्याला हात देताना आपलाही तोल सावरतो, हा शोध त्याला त्या संध्याकाळी लागला आणि पुढील सारी रचना त्यावर उभी राहिली. ए. ए.मध्ये वैद्य आणि रोगी असे दोन पक्ष नसतात. वीस वर्षे न प्यायलेला आणि काल रात्री प्यायलेला, दोघेही एकाच पातळीवरील सभासद असतात. नवागताला जुन्याची जितकी गरज असते, तितकीच जुन्यालाही नवागताची असते; कारण आपण कोठून आलो याचे विस्मरण होऊ न देणारा तोच असतो.

१९३९ साली या मंडळींनी आपला अनुभव ग्रंथरूपाने मांडला व त्यात बारा पायऱ्या सांगितल्या. दारूपुढे आपली शक्ती चालत नाही ही कबुली, आपल्याहून मोठ्या शक्तीवरील विश्वास, स्वतःच्या दोषांची झाडाझडती, ज्यांचे आपण नुकसान केले त्यांची शक्य तेथे भरपाई, आणि शेवटी हा मार्ग दुसऱ्यापर्यंत पोहोचवणे, असा त्यांचा क्रम आहे. ‘मोठी शक्ती’ म्हणजे कोणता देव, हे संघटना सांगत नाही. ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे ते ठरवावे. त्यामुळे विठ्ठलभक्त, नमाजी आणि बौद्ध एकाच सतरंजीवर बसू शकतात. एवढेच काय, नास्तिक मनुष्य त्या गटालाच मोठी शक्ती मानून पुढे जाऊ शकतो. आज सुमारे १८० देशांत ही सभा भरते. भारतात तिचे बीज १९५७ च्या सुमारास पडले, मुंबईत ते रुजले, आणि तेथून महाराष्ट्रातील शहरांत व पुढे तालुक्यांच्या गावांत पसरले.

महाराष्ट्राचा अनुभव

मराठी वाचकांना व्यसनमुक्ती म्हटले की पुण्याच्या ‘मुक्तांगण’ची आठवण होते. डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी ऑगस्ट १९८६ मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात हे केंद्र सुरू केले. पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी दिलेल्या देणगीचा त्यात मोठा वाटा होता. तेथे माणूस काही आठवडे निवासी राहतो. पण त्या केंद्राच्या कार्याचा महत्त्वाचा भाग सुरू होतो तो माणूस फाटकाबाहेर पडल्यानंतर. घरी परतलेल्यांचा पाठपुरावा, ठिकठिकाणी होणाऱ्या त्यांच्या सभा आणि पत्नींसाठी चालणारा ‘सहचरी’ हा गट, यांवाचून त्या आठवड्यांची कमाई टिकत नाही, हे मुक्तांगणच्या मंडळींनी आरंभापासून ओळखले होते. मुंबईत १९८१ साली फादर जो परेरा यांनी स्थापन केलेल्या ‘कृपा फाउंडेशन’ने ए. ए.च्या बारा पायऱ्यांना योगाभ्यासाची जोड दिली.

दुसरीकडे विदर्भाने कायद्याचा मार्गही चोखाळून पाहिला आहे. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून, तर गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती एप्रिल २०१५ मध्ये लागू झाली व २०२१ साली उठवली गेली. गावातील दुकान मतदानाने बंद करण्याची, ‘उभी बाटली की आडवी बाटली’ म्हणून ओळखली जाणारी तरतूदही राज्यात आहे आणि स्त्रियांनी तिचा उपयोग करून अनेक दुकाने आडवी केली आहेत. या लढ्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु दुकान बंद झाले तरी ज्याचे शरीर दारू मागते, तो माणूस शेजारच्या गावाची वाट धरतो. बंदीमुळे नवे पिणारे घटू शकतील. जुन्याला हात देण्याचे काम मात्र निराळेच करावे लागते. ए. ए.ने तर दारूबंदीच्या बाजूने वा विरुद्ध कोणतीही भूमिका न घेण्याचा दंडक पाळला आहे.

आधी डॉक्टर

येथे एक सावधगिरीची सूचना अत्यावश्यक आहे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली, तर ते जिवावर बेतू शकते. काही तासांतच हातपाय थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. नसलेली माणसे दिसतात, भिंतीवर किडे चालताना दिसतात. खेड्यात यालाच ‘बाहेरची बाधा’ समजून मांत्रिकाकडे नेले जाते आणि मोलाचे तास वाया जातात. असे लक्षण दिसताच रुग्णालय गाठले पाहिजे. योग्य औषधे आणि थायमिन हे जीवनसत्त्व वेळेवर मिळाले, तर हा काळ बहुधा सुरक्षितपणे पार पडतो. म्हणून रोज पिणाऱ्याने प्रथम डॉक्टर गाठावा आणि मग सभा.

दुसरी सूचना घरच्या माणसांसाठी आहे. ‘रुग्णाला न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतींवर व एस. टी.च्या थांब्यांवर सर्रास आढळतात. जेवणात गुपचूप मिसळावयाच्या अशा भुकट्यांत नेमके काय असते हे विकत घेणाऱ्याला ठाऊक नसते. डायसल्फिराम नावाचे एक अधिकृत औषध आहे. १९४८ साली डेन्मार्कमध्ये त्याचा हा उपयोग उजेडात आला. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायल्यास छातीत धडधड, उलट्या, श्वास कोंडणे असे तीव्र परिणाम होतात आणि प्रसंगी रक्तदाब धोकादायकपणे उतरतो. रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ते दिले जाते. न सांगता औषध देणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे होय. शिवाय फसवून सोडवलेली दारू विश्वासही घेऊन जाते.

निवासी केंद्र निवडतानाही चौकशी हवी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित विकारांचा समावेश मानसिक आजारांत केला आहे आणि रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास मनाई केली आहे. ज्या केंद्राची नोंदणी नाही, जेथे मारहाण हाच उपचार समजला जातो आणि नातलगांना भेटू दिले जात नाही, तेथे आपल्या माणसाला सोडून येणे योग्य नव्हे.

सभेचा शोध आणि पहिला दिवस

देऊळघाटच्या एखाद्या माणसाने उद्या ठरवले की आपल्याला अशा सभेला जायचे आहे, तर त्याने काय करावे? व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. मानसिक त्रासासाठी ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ची १४४१६ ही सेवा सुरू झाली आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची व्यवस्था जिल्हा रुग्णालयामार्फत चालते. तेथील मानसोपचार विभागात उपचारांबरोबरच जवळच्या गटाची चौकशी करता येते. ए. ए.चे भारतातील मध्यवर्ती सेवा कार्यालय मुंबईत आहे, आणि कोणत्या गावी कोणत्या दिवशी सभा भरते याची माहिती त्याच्याकडून मिळू शकते. सभेचे वार व जागा बदलत असल्याने निघण्यापूर्वी दूरध्वनी करून खात्री करून घेणे श्रेयस्कर. २०२० च्या महामारीपासून मोबाईलवर भरणाऱ्या सभाही रूढ झाल्या आहेत. ज्याच्या गावाहून शेवटची एस. टी. सभा संपण्यापूर्वीच निघून जाते, त्याला ही मोठीच सोय आहे.

पहिल्या दिवसाची भीती सर्वांना वाटते. आत पोलीस तर नसतील? नाव लिहून घेतील? कोणी ओळखीचे भेटले तर? प्रत्यक्षात तेथे असतात दहापंधरा माणसे, एखाद्या शाळेची वा चर्चची खोली, काही खुर्च्या आणि चहाचे पेले. हजेरीपट नसतो, अर्ज नसतो, वर्गणीची पावती नसते. सभासदत्वाला एकच अट असते, ती म्हणजे दारू सोडण्याची इच्छा. सभेच्या आरंभी एखादा उतारा वाचला जातो. मग एकेक जण आपले पहिले नाव तेवढे सांगून, आपण मद्यासक्त आहोत असे म्हणतो आणि आपली हकीकत सांगतो. कोणी कोणाला मध्येच तोडत नाही, सल्ला देत नाही, दोष देत नाही. नवागताने न बोलता ऐकले तरी चालते. अखेरीस एक छोटी प्रार्थना होते आणि पेटी फिरते. तीत ज्याला जे जमेल ते टाकावे, न टाकले तरी कोणी विचारीत नाही. जागेचे भाडे आणि चहाचा खर्च त्यातूनच भागतो, कारण बाहेरची देणगी घ्यावयाची नाही असा संघटनेचा नियम आहे.

त्या तासाभरात नवागताला बहुधा एकच गोष्ट उमगते, ती ही की आपण एकटे नाही. शेतात बाटली पुरून ठेवणे, मुलाच्या फीचे पैसे उडवणे, सकाळी थरथरत्या हाताने पहिला घोट घेणे, या ज्या गोष्टी त्याने कोणालाही सांगितलेल्या नसतात, त्या समोरचा माणूस मोकळेपणाने सांगत असतो. आणि तो माणूस आज सुस्नात, शुद्धीत, आपल्यासमोर बसलेला असतो. कीर्तनकाराचे शब्द जेथे पोहोचत नाहीत, तेथे हे दर्शन पोहोचते. आयुष्यभर सोडण्याची शपथ घेण्यासही तेथे सांगितले जात नाही. आजचा दिवस प्यायची नाही, उद्याचे उद्या पाहू, इतकाच हिशेब असतो. ज्याला आयुष्याचा डोंगर चढवत नाही, त्याला एक दिवस पेलतो. आणि जो घसरला, त्यानेही पुढच्या सभेला यावे, त्याची खुर्ची तेथेच असते. पहिली सभा रुचली नाही तरी आणखी चारसहा सभांना, जमल्यास दुसऱ्या गटाच्या सभेला, जाऊन पाहावे. कारण प्रत्येक गटाचा स्वभाव निराळा असतो.

याचा गुण येतो काय, असे विचारणाऱ्यांसाठी पुरावाही आहे. ‘कॉक्रन’ या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेने २०२० साली २७ अभ्यासांतील १० हजारांहून अधिक व्यक्तींच्या माहितीचा आढावा घेतला. ए. ए. आणि रुग्णाला पद्धतशीरपणे ए. ए.कडे वळवणारे उपचार हे, दारूपासून अखंड दूर राहण्याच्या बाबतीत, इतर प्रस्थापित मानसोपचारांच्या तोडीचे व बहुधा सरस ठरतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. हे अभ्यास मुख्यत्वे पाश्चात्य देशांतील आहेत हे खरे. परंतु आपल्या शेजारी गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेला प्रयोग २०१७ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांनी प्रमाणाबाहेर पिणाऱ्या पुरुषांशी जास्तीत जास्त चार बैठकांत संवाद साधला. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ३६ टक्क्यांचे पिणे धोक्याच्या पातळीखाली आले होते. नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. साध्या माणसाने साध्या माणसाशी नीट बोलण्यातही औषधी गुण असतो, असे यावरून दिसते.

मर्यादा मात्र मान्य केल्या पाहिजेत. सभा हा डॉक्टरांना पर्याय नाही. नैराश्य वा अन्य मानसिक आजार असल्यास त्याचे उपचार चालूच ठेवावे लागतात. काहींना बारा पायऱ्यांची भाषा भावत नाही. त्यांनी समुपदेशनाचा मार्ग धरावा. आणि पिणारी स्त्री ही तर दुहेरी एकांतात असते, कारण पुरुषांनी भरलेल्या सभेत जाऊन बसणे तिला आपल्या गावांत जवळपास अशक्यच असते. तिच्यासाठी मोबाईलवरील सभा वा स्त्रियांचे स्वतंत्र केंद्र हाच आज जवळचा मार्ग आहे.

खेड्यातील अनामिकता

ए. ए.च्या नावातच ‘अनामिक’ हा शब्द आहे. मुंबईत अनामिक राहणे सोपे. देऊळघाटसारख्या गावात कोणाची सायकल कोणाच्या दारात उभी आहे हेही सर्वांना ठाऊक असते. येथे एक विचित्र गोष्ट दिसते. पिताना ज्याला सारे गाव पाहत होते, त्याला सोडताना मात्र कोणी पाहू नये असे वाटते. कारण उघड आहे. पिणाऱ्याची चेष्टा एकदाच होते. सोडून पुन्हा पिणाऱ्याची चेष्टा कायमची होते. म्हणून आरंभी बुलढाण्यासारख्या ठिकाणी, बाजाराच्या निमित्ताने, परक्यांच्या सभेला जाणे पुष्कळांना सोयीचे वाटेल. परंतु दर आठवड्याचे गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी यांचा भार सालदाराला वा रोजंदाराला फार काळ सोसवत नाही. गावातच गट उभा राहिला तर तो टिकेल, आणि त्यासाठी मोठा समारंभ लागत नाही. दारू सोडू इच्छिणारे दोन-तीन जण एकत्र आले की त्यांनी स्वतःला गट म्हणवून घ्यावे, इतकी मुभा ए. ए.च्या परंपरेतच आहे.

गावातील शिकलेल्या वर्गाने, म्हणजे शिक्षक, कारकून आणि विद्यार्थ्यांनी, येथे विचार करण्यासारखे पुष्कळ आहे. शिक्षकाच्या हाती शाळेची किल्ली असते. आठवड्यातून एक दिवस, शाळा सुटल्यानंतर, एक खोली तासाभरासाठी उपलब्ध करून देणे हे रीतसर परवानगीने होण्यासारखे काम आहे. गटाने त्याचे माफक भाडे द्यावे, आणि शाळेने ते घ्यावे. कारण त्यात त्यांचा स्वाभिमान आहे. किल्ली दिल्यावर शिक्षकाने तेथून निघून जावे. अध्यक्षपद नको, मार्गदर्शन नको, सरपंचांच्या हस्ते नारळ नको. आपल्याकडे चांगल्या कामाचा घात पुष्कळदा सत्काराने होतो. ‘व्यसनमुक्त झालेल्या बांधवांचा जाहीर सत्कार’ असा फलक चौकात लागला आणि वर्तमानपत्रात छायाचित्र आले, की त्या माणसाच्या मानेवर साऱ्या गावाच्या अपेक्षेचे ओझे येते. आणि ज्या दिवशी तो घसरेल, त्या दिवशी गटही बदनाम होईल.

कारकुनाचे कर्तव्य वेगळे आहे. कचेरीत एखादा सहकारी प्यायलेला असला की त्याच्या नावापुढे सही ठोकून, त्याचे काम उरकून त्याला सांभाळून घेण्याची एक प्रेमळ रीत आहे. घरी पत्नीही तेच करते. साहेबांना ‘ताप आला’ असे कळवते, दुकानदाराची उधारी फेडते. या सांभाळण्याने दारूचे परिणाम पिणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाहीत आणि त्याचा निर्णय लांबत जातो. नातलगांनी स्वतःला कसे सावरावे, काय करावे आणि काय करणे थांबवावे, यासाठी १९५१ पासून ‘अल-अनॉन’ हे निराळे संघटन चालते. घरचा माणूस सभेला जावयास तयार नसला, तरी पत्नीने वा आईने आपल्यापुरते जावे. पुष्कळदा घरात प्रथम बदलते ती तीच. सहकाऱ्याने खोटी सही थांबवावी आणि त्याच वेळी उपचारासाठी रजेचा अर्ज लिहावयास मदत करावी. यात कठोरपणा नाही, मैत्रीच आहे.

आणि विद्यार्थी? वर्गात गृहपाठ न करता येणारा, रात्री जागलेल्या डोळ्यांचा, वडील शाळेत येतील म्हणून धास्तावलेला मुलगा कित्येक शाळांत असतो. बापाचे पिणे हा आपलाच काही अपराध आहे, असे त्या वयात वाटते. दारूचे व्यसन हा आजार आहे, तो आजार आपल्यामुळे झालेला नाही आणि आपल्या रागावण्या-रडण्याने तो बरा होणारही नाही, पण त्यावर उपाय आहेत, इतके जरी एखाद्या शिक्षकाने त्याला एकांतात, नाव न घेता समजावले, तरी त्याच्या मनावरचे मोठे ओझे उतरेल.

हे सारे फार खर्चाचे नाही. त्यासाठी अनुदान, इमारत वा नवा कायदा लागत नाही. दर गुरुवारी सहाच्या सुमारास एक खोली उघडते, दोघे-तिघे येऊन बसतात, तासाभराने दिवा मालवून कुलूप लावतात आणि आपापल्या घरी जातात, एवढेच गावाला दिसावे. त्या माणसांपैकी एखाद्याच्या घरात त्या रात्री चूल वेळेवर पेटली आणि मुले निवांत झोपली, हे मात्र गावाला दिसणार नाही; आणि दिसले नाही तरी काही बिघडत नाही.